बिनदुधाचा चहा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता का सांगतोय — खरंच माहीत नाही. जवळ ठेवून ठेवून थकलोय, एवढंच म्हणा.

मी कॉलेजात शिकवतो. प्रवेशाच्या दिवसांत पालक कावतात, "आमच्या कमाईशी तुमाला काय करायचंय, सर?" मी म्हणतो, नियम आहे. का विचारतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वसतिगृहात फुकट राहण्याजेवणाची जागा एखादीच असते. ज्याला दुसरी वाटच नाही, त्याला ती मिळावी म्हणून विचारतात.

नव्वदच्या दशकात जुन्नरला शिकताना अशा एका जागेसाठी आम्ही दोघं होतो — मी पिंपरी पेंढारचा आणि माझ्याच बाकावरचा किसन, मढचा. कागदावर विसंबायला नको म्हणून वसतिगृहाचं बघणारे सर स्वतः घर बघायला येत.

आमचं मळ्यात स्लॅबचं घर, बारमाही विहीर, गोठ्यात जर्सी गाई. वडिलांनी सरांना नेलं गावातल्या जुन्या खोलीत, जिथं आम्ही कडबा रचायचो. आईनं ती सारवून चूल मांडली होती. काळा चहा पुढं करत म्हणाली, "दूध कुठलं आणायचं, सर?" मीही तोंड पाडून तो चहा प्यायलो.

पण ते घरच्यांनी केलं, असं तरी म्हणता येतं. पुढचं माझं एकट्याचं आहे.

दुसऱ्या दिवशी वाट दाखवायला सरांनी मला मोटारसायकलवर मागे बसवून मढला नेलं. किसन आधीच घरी पोचला होता. कॉलेजचे सर येणार म्हणजे पाहुणा येणार! अंगणात खुर्च्या, खाटेवर नवी चादर, कोंबडीचा रस्सा. जेवल्याबिगर उठू देईनात. सरांनी घरचं विचारलं, तर किसनचे वडील हसून म्हणाले, "बरं चाललंय की. काय कमी न्हाई." पाहुण्यासमोर रडगाणं कोण गाणार?

मी त्या घरी पूर्वी राहिलो होतो. त्यांच्याकडे खुर्ची नव्हतीच, त्या शेजारच्या होत्या. भात वर्षभर पुरायचा नाही. आणि अंडी देणारी एकुलती कोंबडी — ती आम्ही नुकतीच खाल्ली होती.

परतताना सरांनी मान वळवून विचारलं, "यांचं खरंच बरं आहे ना रे?"

एक वाक्य पुरलं असतं. पोटात त्यांचंच अन्न होतं.

"हो सर. बरंय," मी म्हणालो.

जागा मला मिळाली. सरांनी वर्गात आमच्या काळ्या चहाची गोष्ट दाखला म्हणून सांगितली, तेव्हा किसननं बाकाखाली माझा हात दाबला. पुढं त्याचं कॉलेज सुटलं. नारायणगावच्या मार्केटात हमाली धरली, ती अजून चालूच आहे.

परवा तिथंच भेटला. ओढत टपरीवर नेलं, पैसे मला देऊ देईना. चहावाल्याला म्हणाला, "याला दूध जास्ती टाक, राव. याच्या घरी लई हाल व्हते."

मी तो चहा प्यायलो.