डिक्कीतला प्लग
वायरच्या काळ्या टेपचा वास आला की मला मूल नावाच्या गावातल्या बाजारातलं ते गॅरेज आठवतं. बायकोला तेव्हा सतत ऑक्सिजनची मशीन लागायची आणि तिची थोरली बहीण सिरोंच्याला अंथरुणाला खिळलेली. "मले एकदा ताईपाशी न्या," एवढंच ती म्हणायची. गाडीत मशीन चालावी म्हणून मिस्त्रीकडून पुढच्या बॅटरीपासून डिक्कीपर्यंत जाड वायर ओढून प्लग बसवून घेतला, मागची सीट आडवी करून तिला निजवलं आणि निघालो. सिरोंच्यात शेजारच्या पोरांनी ताईंची खाट उचलून डिक्कीच्या दाराशी आणली, पण मशीनच्या घरघरीत बहिणींना एकमेकींचं ऐकूच येईना. "जराशी बंद करा ना, ताईचं बोलनं समजून नाई राह्यलं," बायको म्हणाली. मी बंद केली. दोघी त्यांच्या माहेरच्या तेलुगूत बोलल्या, हसल्यासुद्धा. मग तिचे ओठ निळे पडायला लागले आणि ताई काही सांगत असतानाच मी मशीन परत चालू केली. पुढच्या आठवड्यात बायको गेली. ताई अजून फोनवर विचारतात, "भाऊ, मी शेवटी बोलली ते तिनं आयकलं का जी?" मी म्हणतो, "हो ताई, सगळं आयकलं." मशीनच्या त्या आवाजात तिला काय ऐकू गेलं असेल, देव जाणे.