नळाची पूजा

ओल्या हळदीचा वास आला की आमच्या वाडीतल्या सरकारी नळाचं उद्घाटन आठवतं. त्या उन्हाळ्यात वाडी टँकरवर जगत होती. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी तोटी फिरवली, तर नुसती हवा फुसफुसली. सगळे ओशाळले. माझ्या थोरल्या आक्कानं मात्र तोटीला हळदीकुंकू लावलं, "कोरडा नळ पुजायचा न्हाय रं," म्हणत टँकरच्या पाण्याची भरली घागर घरातनं आणली आणि नळावर ओतली. धार तोटीवरून खाली पडत असतानाच साहेबांनी फोटो काढला. तो फोटो वर गेला, वाडीला पाणी पोचलं असं ठरलं आणि टँकर बंद झाला. आज पाडव्याला आक्कानं नळाला पुन्हा हळद लावली. पाणी ओतलं नाही. कुठलं ओतणार?