फॅमिली रूमचा पडदा

ती घटना म्हटली की आजही मला आधी तो निळा पडदाच आठवतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शुक्रवार पेठेतल्या एका हॉटेलात पुरुष पुढं बसत आणि बायका मागं, पडद्याआड, 'फॅमिली रूम'मध्ये. तिथंही नवरा सोबत हवा. बायकांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या एक शिक्षिका मात्र रोज पुढच्या टेबलावर बसायच्या. वेटर विचारायचा, "बाई, तुमी कुणाची फॅमिली?"

"कुणाची नाही. गिऱ्हाईक आहे. चहा आण."

एका सकाळी पडदा गायब. मालकानं पोलीस चौकीत येऊन बाईंवर चोरीचा आळ घेतला. मी तेव्हा साधी महिला शिपाई, माझं स्टूल कपाटामागं. बाईमाणसाचा जबाब म्हणून साहेबांनी मला पुढं बोलावलं. गुन्हा नोंदला असता तर बाईंची नोकरी गेली असती. तरी त्या एवढंच म्हणत, "मी नेला नाही."

"मग कुणी?"

बाई गप्प. आता बघा, खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. असा गप्प बसणारा बहुतेक कुणाला तरी पाठीशी घालत असतो.

मी हॉटेलात चौकशीला गेले. भांडी घासणारी मावशी खालमानेनंच म्हणाली, "पडदा भाईर गेलाच न्हाय. मालकाच्या माडीवर बगा की."

माडीवर मालकाची बायको होती आणि पडदा तिच्या ट्रंकेत.

"मीच काढला," ती म्हणाली. "लगीन होऊन आले तवापासनं हितं पुढं बसून चा प्याले न्हाय. त्या बाई बसल्या, लई बरं वाटलं बगा. काढताना त्यांनी बगितलंय मला."

"त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही. नोकरी जायची वेळ आलीय त्यांची."

तिनं पदर सारखा केला आणि माझ्याबरोबर चौकीत येऊन सगळं सांगितलं.

साहेब हसू दाबत मालकाला म्हणाले, "अण्णा, पडदा तुमच्या फॅमिलीनंच काढलाय. आता फिर्याद कुणावर लिहू?"

मालकानं फिर्याद मागं घेतली. "घरी चल, बगतो," असं तो बायकोकडं बघून पुटपुटला, तशा बाई म्हणाल्या, "मी रोज चहाला येते. ह्या दिसल्या नाहीत, तर माडीवर येऊन विचारीन."

"आणि मी गणवेशात येईन," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पुढच्या टेबलावर बसलो. वेटर सवयीनं 'फॅमिली' म्हणायला गेला आणि थांबला. मालकीणबाईच म्हणाल्या, "तीन चा."

कोण काय बोललं याच्याइतकंच कोण का गप्प राहिलं हेही बघावं, हे त्या बाईंनी मला शिकवलं. त्यावर मी पुढं कितीतरी तपास केले. पण त्यांचे खरे उपकार वेगळेच. तो चहा पिऊन चौकीत परतले आणि कपाटामागचं स्टूल ओढून साहेबांच्या टेबलासमोर ठेवलं. परत मागं नेलं नाही.