आप्पांची बिनमिठाची आंबिल

माझ्या थोरल्या भावाला मी आंबिल पाजून मारलं.

आज येळवस. सगळ्यांच्या स्टेटसला शेतातल्या पंगती पाहिल्या, म्हणून आजच लिहितो. आप्पांचं वर्षश्राद्ध तीन दिवसांनी आहे. त्या दिवशी गोड बोलायला पुष्कळ लोक येतील.

बारा वर्षांपूर्वी सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आप्पांच्या हार्टचं पंपिंग फार कमी झालंय. गोळी चुकवायची नाही. मीठ जवळपास बंद. पाणी, चहा, ताक सगळं मापात. रोज सकाळी वजन करायचं आणि एकदम वाढलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आम्हाला वाटलं, माणूस संपला.
आप्पांना वाटलं, काम सांगितलंय.

रोज सकाळी ओसरीतल्या काट्यावर उभं राहून ते वहिनींना आकडा मोठ्यानं सांगायचे. दिवसभराचं पाणी एका बाटलीत भरून घ्यायचे. आमच्या जळकोटच्या शेतातून हायवेच्या ढाब्यापर्यंत चालत जायचे, तासभर गप्पा हाणायचे आणि चहा न पिता परत यायचे. शेती बघितली, नातवंडांना सायकल शिकवली.

आम्ही हसायचो.

"आप्पा, हे जगणं हाय का शिक्षा?" ढाब्यावरची मंडळी विचारायची.
"तुमी व्हा पुढं. मी येतो हळूहळू."
त्यातल्या दोघांच्या मातीला आप्पा पायी गेले.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्याकडं अख्खं गाव शेतात जेवतं. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे आणि मडकंभर आंबिल. ताकात ज्वारीचं पीठ कालवून केलेली, चांगली खारट. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून पाजतात आणि नको म्हणणं म्हणजे त्या शेताचा अपमान.

वहिनी आप्पांसाठी स्टीलच्या लोटीत बिनमिठाची आंबिल वेगळी आणायच्या. ज्याच्या शेतात बोलावणं असेल तिथं बसून आप्पा आपल्या लोटीतला एक घोट घ्यायचे. त्याचा मान राहायचा, यांचा जीव राहायचा.

त्या लोटीला मी "पेशंटचं पाणी" म्हणायचो. चारचौघांत.

गेल्या येळवशीला नळदुर्गचे पाहुणे आले. माझी मुलगी त्यांना पसंत होती, आता घरदार बघायचं होतं. मला एकच धास्ती. घराण्यात हार्टचा आजार आहे हे कळलं तर सोयरीक मोडेल.

लोटी मी गाडीच्या डिकीत टाकली.

"आप्पा, आज एक दिवस. पोरीसाठी."
आप्पांनी वहिनींकडं पाहिलं. मग माझ्याकडं.
"आण," म्हणाले.

पाहुणे आग्रह करत राहिले, मी ओतत राहिलो. तीन ग्लास. वर भज्जी, वर लोणचं.
"लई दिवसांनी तोंडाला चव आली," आप्पा म्हणाले.
मी पाहुण्यांबरोबर हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. मी धाराशिवला परतलो होतो.
"वजन दोन किलोनं वाढलंय रं. पाय बी सुजल्यात. सोलापूरला जावं म्हणतो."
"एवढं खाल्ल्यावर वाढणारच की. आत्ता ॲडमिट झालात तर पाहुण्यांच्या कानावर जाईल. त्यांचा निरोप येऊ द्या. दोन दिवस कळ काढा."

माझा भाऊ अकरा वर्षं डॉक्टरांचं ऐकत आला होता. त्या दिवशी त्यानं माझं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी पाहुण्यांचा होकार आला. मी आनंदानं फोन लावला, तर वहिनींनी उचलला. आप्पांना आडवं होता येत नव्हतं, भिंतीला टेकवून बसवलं होतं.
"चांगलं झालं," आप्पांचं एवढंच मला फोनवर ऐकू आलं.

चौथ्या दिवशी सोलापूरच्या वाटेवर गाडीतच गेले.

तेराव्याला लोक म्हणाले, "एवढं पथ्य पाळून शेवटी काय मिळालं?"
मी मान डोलावली.
अकरा वर्षं मिळाली होती. मला माहीत होतं. ती कुणी संपवली, तेही माहीत होतं. तरी डोलावली.

मुलगी सासरी सुखात आहे. तिला यातलं काही माहीत नाही. आज इथं वाचेल. व्याहीही वाचतील.

यंदा दुखवटा, म्हणून शेतात घरचेच होतो. वहिनींनी सगळ्यांना मडक्यातली आंबिल वाढली. माझ्यापुढं ती स्टीलची लोटी ठेवली.

"घ्या भावजी. मीठ न्हाय त्यात."

वर्षभरात त्या माझ्याशी एवढंच बोलल्या.

प्यायलो. अकरा वर्षं जिला नावं ठेवली, तिची चव आज घेतली.

श्रद्धांजली लिहायला माझा हात धजत नाही. तुम्ही लिहा खाली.

आप्पा, चांगली लागते हो ती. मिठाशिवाय पण चांगली लागते.

राम राम.