बार्शाला या

मी बाप झालो, ही बातमी मला मामींकडून कळली.

तेव्हा मी जर्मनीत कायझर्सलाउटर्नला शिकत होतो. कॉलेजचं तोंड पाहिलेला घरातला मी पहिलाच. वडील धरणात जाळी टाकतात. मी निघालो तेव्हा आईने एकच गोष्ट मागितली होती: पुन्हा माशांच्या मागे लागू नकोस, शिक. मी मान हलवली होती. (मान हलवणं मला चांगलं जमतं.)

पण शेजारच्या खोलीतल्या योनासने नाद लावला. तिथल्या तळ्यात बार्श नावाचा मासा असतो. अंगावर काळे पट्टे, स्वभावाने संशयी. जाड दोरी दिसली की तो फिरकत नाही. म्हणून केसाएवढी नायलॉनची तंगूस, हरभऱ्याएवढं शिसं आणि करंगळीएवढी रबरी अळी. ती अळी ओढायची नाही, नुसती थरथरवायची. मासे धरायला तिथे परीक्षा द्यावी लागते. मी तीही दिली. त्या सत्रात पहिल्या प्रयत्नात पास झालो अशी ती एकच.

एवढं गुपित एकट्याने सांभाळणं जड जायला लागलं. ब्योब्लिंगेनला माझे मामा-मामी राहतात. मी मामींना फोन केला. आमच्या घरी मासे धरायला जाण्याला 'माशाला जाणं' म्हणतात. त्याच सवयीने बोललो, "मामी, रविवारी बार्शाला या. दहा वाजता, तळ्यावर. आईला मात्र सांगू नका."

मामी बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "येतो आम्ही. तू वेळेवर जेवत जा हं."

मला वाटलं, मधे नेटवर्क गेलं असेल.

रविवारी मामी पैठणी नेसून आल्या. एका हातात घुगऱ्यांचा डबा, दुसऱ्यात चांदीचे वाळे. मामा कोटात. आम्ही सातपासून बसलो होतो आणि नेमका तेव्हाच मासा लागला होता. काठी वाकली होती आणि योनास कानाशी म्हणत होता, "लांगझाम, लांगझाम." म्हणजे हळू, हळू.

"कुठं आहे?" मामांनी विचारलं.

"खोलात आहे, मामा. आता जोर करून चालणार नाही. तुटेल."

मामांनी उसासा टाकला. "तुटू द्यायचं नाही. मी बोलतो तिच्या घरच्यांशी."

"कुणाच्या?"

"बाळाच्या आईच्या," मामी म्हणाल्या. "बाळ कुठं ठेवलंस? गार वारा आहे रे."

"कुठलं बाळ?"

"ज्याचं बारसं आहे ते. तुझं."

माझ्या हातातली काठी सैल झाली. योनासने धावत जाऊन जाळीत मासा उचलला आणि अभिमानाने मामींसमोर धरला. "बार्श," तो म्हणाला.

मामींनी वाळ्यांकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं. "ह्याचं?"

"बारसं नाही, मामी. बार्श."

मामा खाली बसले. "अरे, मी ताईला कळवलं. सकाळपासून ती जेवलेली नाही."

त्यांनी तिथूनच आईला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "खरं काय ते सांग," आई म्हणाली. बाप होणं कबूल करावं की मासे धरणं, असा विचार मी क्षणभर खरोखरच केला. मग परीक्षेसकट सगळं सांगून टाकलं.

"बाळ असतं तर मी सांभाळलं असतं रे," आई म्हणाली, आणि तिने फोन बाबांकडे दिला.

"केवढा आहे?" बाबांनी विचारलं.

"वीतभर."

"जाळं?"

"नाही, गळ. केसाएवढी तंगूस."

"किती वेळ लागला?"

"तीन तास."

"आणि एकच?"

"एकच."

मग बाबा आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घाबरू नको गं, ह्याला शिकण्यावाचून गत्यंतर नाही."