वाहून आणायच्या पिशव्या

अकरा वर्षं अमेरिकेतल्या लोकांचं काम करूनही एल्क म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. सांबराच्या जातीचं, पण सांबराहून कितीतरी मोठं जनावर, हे मला आमच्या क्लायंटने सांगितलं, तेही एका रटाळ कॉलच्या शेवटी. त्याची सकाळ असायची तेव्हा आमची संध्याकाळ. हिंजवडीच्या ऑफिसात मी एकटाच उरलो होतो आणि फोन ठेवायची वाट बघत होतो.

"ऑक्टोबरमध्ये तू इकडे असशीलच," तो म्हणाला. "आम्ही चार मित्र दर वर्षी कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कच्या शिकारीला जातो. या वेळी तूही ये."

मग त्याने समजावून सांगितलं. नवीन माणूस पहिल्या वर्षी बंदूक धरत नाही. जनावर पडतं ते गाडीरस्त्यापासून दोन-तीन मैल आत, आणि ते एवढं मोठं असतं की जागेवरच त्याचे भाग करावे लागतात. ते पाठीवर बांधून तळापर्यंत वाहून आणायचे. शिकारीतलं खरं काम तेच. "तू वाहायला मदत कर, बाकी आम्ही बघतो."

मी लगेच हो म्हणालो. त्याला मी नेहमीच लगेच हो म्हणायचो.

खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. त्याआधी मी चार वेळा त्यांच्या गावी जाऊन आलो होतो आणि ऑफिस, हॉटेल आणि त्या दोहोंमधला रस्ता यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. कोणी घरी बोलावलं नव्हतं. त्यांच्या कागदांवर माझा उल्लेख 'रिसोर्स' असा असे, आणि मलाही त्याची सवय झाली होती. आता त्या माणसाने मला त्याच्या मित्रांत बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याची यादी आली. घोट्यापर्यंतचे बूट, लोकरीचे मोजे, कपाळावर बांधायचा दिवा, लोखंडी चौकटीची सॅक, नारिंगी जाकीट, आणि मांस भरून आणायला मोठ्या सुती पिशव्या, हवा खेळेल अशा. मी तिची एक्सेल शीट केली. कामं, तारखा, कोण करणार आणि शेवटच्या रकान्यात धोके. पाय मुरगळणे, विरळ हवेचा त्रास, अस्वल. माझ्या बायकोने मागून वाकून ती शीट वाचली.

"धोक्यांत दादा राहिले," ती म्हणाली.

दादा म्हणजे माझे वडील. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, कोथरूडला आमच्याच घरी राहणारे. रोज सकाळी अंघोळ झाली की बुद्धवंदना म्हणायचे, पंचशील म्हणायचे, आणि मग पेपरची घडी न विस्कटता तो वाचायचे. प्राणिहिंसेपासून दूर राहीन हे पंचशीलातलं पहिलंच शील. मी लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून ते म्हणत आलो होतो. तेव्हा दादांचा आक्षेप काय असेल हे मला ठाऊक होतं आणि उत्तरही तयार होतं, की मी मारणार नाही, बंदुकीला हातसुद्धा लावणार नाही. पण तूर्त मी त्यांना ट्रेकला जातोय एवढंच सांगितलं.

शनिवार पेठेत डोंगर चढणाऱ्यांचं सामान विकणारं एक दुकान होतं. दुकानदार साठीचे, स्वतः पुष्कळ चढलेले. मी नारिंगी जाकीट मागितलं.

"कशाला हवंय?"

"शिकारीला. अमेरिकेत."

"मग हिरवं घ्या, लपायला."

"तिकडे नारिंगीच घालतात. दुसऱ्या शिकाऱ्याने चुकून गोळी घालू नये म्हणून. जनावराला म्हणे तो रंग कळत नाही."

"म्हणजे जनावरापेक्षा माणसांची भीती जास्त. बरं." त्यांनी जाकीट काउंटरवर टाकलं. "एकदा नेलेला माल परत घेत नाही. तुम्ही परत आलात तरी."

सॅक तिथेच घेतली. बूटही तिथेच घेतले आणि ते पायाला सरावावेत म्हणून रोज घालायचे ठरवले.

मग सुरू झाली टेकडी. पहाटे उठायचं, सॅकमध्ये वीस किलो भरायचे आणि वेताळ टेकडी चढायची. वजनासाठी मी माझी जुनी जाड पुस्तकं काढली. नोकरीच्या सुरुवातीला परीक्षा देण्यासाठी रात्रंदिवस पाठ केलेली. त्यातलं तंत्रज्ञान कधीच मोडीत निघालं होतं, पण वजनाला पुस्तकं चांगली होती.

मी थकलेला होतो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. चव्वेचाळीस वर्षांचा होतो, साखर सीमेवर होती. सकाळी चांदणी चौकातून कंपनीची बस, दिवसभर आमच्या टीमच्या चुका, संध्याकाळी त्यांच्या टीमच्या अपेक्षा, आणि घरी यायला नऊ. बायको शाळेत शिकवायची, ती माझ्याआधी झोपायची. या सगळ्यात टेकडीची भर पडली. अर्ध्या वाटेवर माझे खांदे काचायचे, सॅक मागे ओढायची, आणि सत्तरीचे आजोबा मला ओलांडून, गुड मॉर्निंग म्हणून, पुढे निघून जायचे. मी दगडावर बसून विचार करायचो, की हे मी सुटीच्या नावाखाली करतोय. पण सोडवत नव्हतं. सोडलं तर त्या माणसाला काय सांगणार, हा एकच विचार यायचा आणि मी पुन्हा उठायचो.

सुती पिशव्या मात्र पुण्यात कुठे मिळेनात. शेवटी बायको म्हणाली, जुन्या चादरींच्या शिवून देते. रविवारी दुपारी ती हॉलमध्ये मशीनवर बसली. दादा विहारातून आले, चप्पल काढली आणि उभे राहिले.

"एवढ्या मोठ्या पिशव्या कशाला गं?"

माझ्या बायकोला आडवळणाने बोलता येत नाही. "यांना शिकारीला न्यायच्यात, दादा. मांस आणायला."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने तयार उत्तर काढलं. "मी मारणार नाहीये दादा. बंदूक मी धरणारच नाही. मारणार ते."

"मग तू काय करणार?"

"वाहून आणायला मदत."

मशीन थांबलं होतं.

"म्हणजे मारायचं त्यांनी," ते म्हणाले, "आणि ओढायचं आपण."

आणि आत जाऊन त्यांनी दार लोटलं.

माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. गावची मेलेली ढोरं ओढून नेणं हे आमच्या लोकांच्या गळ्यात मारलेलं काम होतं आणि धम्म घेतला तेव्हा ते सोडलं, हे मी भाषणांत ऐकलं होतं, कॉलेजात त्यावर निबंध लिहिला होता, बक्षीसही मिळवलं होतं. पण ते पुस्तकातलं होतं. आमच्या घरात त्याचा शब्दही निघत नसे. दादांनी मला इस्त्रीचे कपडे, कोरी पुस्तकं आणि स्वच्छ मराठी दिली आणि त्या दिवसांवर घट्ट झाकण लावलं. ते इतकं घट्ट बसलं की मेलेलं जनावर पाठीवर घेऊन चालायचं निमंत्रण आलं, आणि मी त्याची एक्सेल शीट केली. अशी चूक फक्त आमच्यासारख्या घरातला, नीट वाढवलेला मुलगाच करू शकतो. मला माझी फार लाज वाटली.

चार दिवस दादा माझ्याशी कामापुरतं बोलले. मी टेकडी सोडली नाही, का ते मलाही सांगता येणार नाही. पाचव्या दिवशी सकाळी मी सॅक चढवत होतो, तेव्हा ते हॉलमध्ये येऊन उभे राहिले.

"खाली ठेव."

मी ठेवली. त्यांनी सगळी पुस्तकं बाहेर काढली. हलके कपडे तळाशी, पुस्तकं वर, पाठीला चिकटून, आणि ती हलू नयेत म्हणून मधून एक दोरी घेऊन आवळून बांधली. पंच्याहत्तरीचे हात, पण कुठेही अडखळले नाहीत.

"वजन वर हवं आणि अंगाला लागून हवं. खाली लोंबलं की माणूस मागे ओढला जातो. आता घे."

मी घेतली. वीस किलो तेच होते, पण खांद्यांवरून उतरून कमरेवर बसले.

"तुम्हाला कसं माहीत?"

"नऊ वर्षांचा होतो. तुझे आजोबा पुढे, मी मागे. मोठा बैल असला की एका फेरीत होत नसे. माझ्या पाठीवर ते बांधून द्यायचे." ते खुर्चीत बसले. "मग धम्म घेतला. आमच्या आळीने ठरवलं, आजपासून ओढायचं नाही. पंधरा दिवसांत गावातला एक बैल मेला. कोणी गेलं नाही. सहा दिवस तो तिथेच पडून होता, वास आमच्या घरापर्यंत यायचा. आम्हाला पिठाची गिरणी बंद, शेतावरचं काम बंद. आई म्हणाली, एवढा एक ओढून टाका. तुझे आजोबा नाही म्हणाले. मग आम्ही इकडे आलो आणि त्यांनी भुसार बाजारात हमाली केली. आयुष्यभर पोती वाहिली, पण तक्रार नाही केली."

"ओझं तर तेही होतंच."

"ओझ्याचं काही नसतं रे. नाही म्हणता येतं का, त्याचं असतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुझा तो साहेब. त्याला तुला नाही म्हणता येतं का?"

मी उत्तर शोधलं. अकरा वर्षांत मी त्याला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. गणपतीत नाही, मुलीच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी नाही, आई हॉस्पिटलात होती तेव्हाही नाही. हो म्हणून मग इकडे सगळं निस्तरत बसायचं, हीच माझी नोकरी होती. मी सॅक पाठीवर घेऊन तसाच उभा राहिलो. त्या दिवशी टेकडीवर गेलो नाही.

संध्याकाळी कॉल होता. कामाचं संपलं तसा मी म्हणालो, की मला जरा बोलायचंय. कारणं मी तीन तयार ठेवली होती, गुडघा, साखर आणि वडिलांची तब्येत, आणि ऐनवेळी एकही तोंडातून बाहेर येईना. मी एवढंच म्हणालो, "शिकारीला मी येणार नाही."

"ओके," तो म्हणाला. "काही हरकत नाही. मग शुक्रवारपर्यंत तो रिपोर्ट मिळेल ना?"

झालं. दोन सेकंदांत झालं. मी फोन ठेवून बसून राहिलो. त्याने रागवायला हवं होतं असं मला वाटत होतं. निदान का म्हणून विचारायला हवं होतं. हे एवढं सोपं होतं, तर आईच्या उशाशी मी का नव्हतो, हा प्रश्न तिथेच माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

घरी आल्यावर दादांना सांगितलं.

"काय म्हणाला?"

"काही हरकत नाही म्हणाला."

दादांनी थोडा विचार केला. "नाही म्हणता येतंय, तर मग जा की. आता तू मित्र म्हणून जाशील."

"नको दादा. ते माझं पहिलंच 'नाही' आहे. ते परत नाही घेणार."

ते हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसले.

ऑक्टोबरमध्ये मी गेलो, ऑफिस आणि हॉटेल करून परत आलो. क्लायंटने शिकारीचे फोटो दाखवले. चौघं नारिंगी जाकिटांत, पाठीवर पांढऱ्या पिशव्या, चेहरे दमलेले आणि खूश. चांगली माणसं होती. मला हेवा वाटला, हेही सांगून टाकतो. आमच्या घरच्या पिशव्यांत बायकोने गहू भरले होते.

परतल्यावर पहिल्या रविवारी दादा म्हणाले, चल, मीही येतो टेकडीला. ते पायथ्याच्या बाकावर बसले. मी वर निघालो. पाठीवर काही नव्हतं, ना सॅक, ना पुस्तकं. वाऱ्यासारखा चढेन असं वाटलं होतं. पण अर्ध्यावर नेहमीच्याच दगडापाशी दम लागला, आणि माझ्या लक्षात आलं की मी पुढे वाकून चालतोय, खांदे आत ओढून, दोन्ही अंगठे, पाठीवर नसलेल्या सॅकच्या पट्ट्यांत अडकवल्यासारखे धरून.

खाली आलो तर दादा बघत होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"मोकळ्या पाठीनेसुद्धा वाकून चालत होतो," मी म्हणालो.

"सवय असते. जाते हळूहळू."

"तुमची गेली?"

दादा उठले. बाकाचा आधार घेऊन उठले, चार पावलं पुढे गेले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या मागून चालताना कधी नीट पाहिलं नव्हतं. त्यांची पाठ पुढे झुकलेली होती आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता.

"नाही," ते मागे न बघता म्हणाले. "चल, चहा घेऊ."