लालीचे गोचीड आणि राणीचा पायगुण

परळीहून सिरसाळ्याला निघालेल्या एसटीत माझ्या मांडीवर बर्फाचा डबा होता. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "मासे हायेत का?"

"गोचीड आणायला चाललेय. जनावरांचे. पुण्याला तपासायला."

त्यांनी पाय वर घेतले आणि पुढच्या बाकाला सांगितलं, "लई शिकलं की असं व्हतंय."

बोलावलं होतं तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी. कौसाबाईंच्या घरी नवी सून आली, रूपाली. माजलगावहून येताना वडिलांनी दिलेली संकरित गाय, राणी, तिच्यासोबत आली आणि महिना-दीड महिन्यातच गोचीड-तापानं आडवी झाली. इंजेक्शनांनी ती कशीबशी उठली, पण सासूबाईंचं निदान तोवर झालं होतं. रोग माजलगावचा, आणि तो घरात आणणाऱ्या सुनेचा पायगुण वाईट. राणीला बाजारात विकायचं ठरत होतं. ती गेली असती तर हा शिक्का रूपालीच्या कपाळी कायमचा बसला असता. मला सांगायचं होतं, रोग खरा कुणाचा.

वस्तीवर पोचले तर घरची जुनी लाल कंधारी गाय, लाली, नवरीसारखी सजलेली. शिंगांना तेल, अंगावर झूल.

"हिच्या अंगावरचे गोचीड?" मी विचारलं.

"एक बी न्हाई ठिवला!" कौसाबाई अभिमानानं म्हणाल्या. "पुन्याची पाव्हनी येनार, अन् गाय तशीच दावायची व्हय? सकाळधरनं येचून चुलीत घातले."

मी चुलीकडे पाहिलं. माझं अर्धं संशोधन तिथं तडतडून गेलं होतं, आणि त्याच चुलीवर माझ्यासाठी येसराची (भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची) आमटी उकळत होती. मी दोनदा वाढून घेतली. रागावर तोच उपाय होता.

दोन्ही गायींचं रक्त तेवढं मिळालं. लालीनं त्याबद्दल लाथ झाडून मला शेणात बसवलं. रूपाली पाणी घेऊन धावली. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली असावी असं वाटून मला शेणाचंही काही वाटेना.

जेवणानंतर कौसाबाईंच्या वाकळेवर (जुन्या लुगड्यांच्या गोधडीवर) बसून मी समजावलं. हा जंतू गोचिडातून गायीच्या रक्तात शिरतो. शरीर त्याला अंगरख्यावरून ओळखतं, म्हणून तो अंगरखाच बदलतो. त्याच्या जनुकांत चिंध्यांचं गाठोडंच असतं. त्यातला तुकडा काढायचा, चालू जनुकात जोडायचा, की नवा वेश तयार.

"आमच्या पुढाऱ्यावानी," कौसाबाईंचे मालक म्हणाले. "हवा फिरली की उपरनं बदललं."

"तसंच. रोग नवा असेल तर अंगरखा साधा. वर्षानुवर्षं मुरलेला असेल तर या वाकळेसारखा, ठिगळावर ठिगळ."

परतीच्या गाडीत मी डबा पोटाशी धरून बसले. खरं सांगते, मला भीती वाटत होती. राणीच्याच रक्तात ठिगळं निघाली तर त्या पोरीला काय तोंड दाखवणार होते? जंतू शरीराला फसवून जगतो, ते त्याचं पोटपाणी आहे. माणसं मात्र गोचिडाचं पाप सुनेच्या पायावर घालून निवांत झोपतात.

पुण्यात तपासणी झाली आणि मी फोन केला. कौसाबाईंनी उचलला.

"राणीतला जंतू साध्या अंगरख्याचा, म्हणजे नवा. लालीतला नुसता ठिगळांचा. तिच्या रक्तात तो कित्येक वर्षं राहतोय. रोग तुमच्याच गोठ्यातला, गोचिडांनी तो राणीला दिला."

"पन लालीला तर कदी शिंक बी आली न्हाई!"

"ती मुरलीय, कौसाबाई. नव्यानं येणाऱ्यालाच सोसावं लागतं."

बाई घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, "मंग लालीला इकावं लागतंय का काय?"

फोन कुणीतरी हातातून घेतला. "कुनालाच इकायचं न्हाई, आत्याबाई," रूपाली सासूला म्हणाली. "लाली घरचीच हाय. अन् राणी बी."